शून्याच्या मागचं घर

"खिडकीशी उभी राहा, आणि हलू नकोस. तू हलायचं नाहीस. गाव हलेल."

आवाज पुरुषाचा होता. ओठाखाली तंबाखूची पुडी धरून बोलणाऱ्याचा, म्हणून शब्दांच्या कडा जराशा ओल्या. आणि मग त्याच आवाजात, बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या कुठल्याशा पट्टीत, दोन ओळी:

उभी राहा गं खिडकीशी, धर चौकटीची कड,
गाव निघालं गावाला, मागे राहिला दगड.

हा आवाज आठवण्यासाठी दीसाला काही करावं लागत नसे. बसची वाट पाहताना, भांडी विसळताना, किंवा कामाच्या जागी कुणा अनोळखी माणसाच्या चिनीमातीच्या दाताला पिवळसर छटेचा शेवटचा हात देताना तो आपण होऊन येई. त्याच्या मागोमाग खिडकी येई. खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप. त्यातल्या काळ्या पाण्यावर बारीक थरथर, पण थेंब सांडत नाही. आणि काचेपलीकडे, माणसाच्या चालीने, एकेक करत सरकत जाणारं गाव. सहकारी दुकानाची लाल पाटी, शाळेचं घड्याळ, निष्पर्ण बर्चच्या झाडांची रांग, बर्फात उभी राहून हात हलवणारी माणसं, ज्यांच्या लोकरी टोप्या तेवढ्या वरून दिसत. घर गाडीवर चढवलेलं होतं. अख्खं घर, पडद्यांसकट, भिंतीवरच्या आरशासकट. खाणीने गावाखालची जमीन आतून खाल्ली होती. खड्डा दरसाल रुंदावत होता, आणि त्याच्या काठची घरं उचलून टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीत नेऊन ठेवत होते. दीसाचे बाबा, फोल्के, घरं हलवणाऱ्या टोळीतच होते. निघताना कप भरून खिडकीत ठेवायचा आणि नव्या जागी घर टेकलं की तोच कप सगळ्यांदेखत प्यायचा, ही त्या टोळीची मिजास होती.

इतकं स्वच्छ आठवत होतं तिला. आणि यातलं काही घडलेलंच नव्हतं.

"घर हललं तेव्हा फोल्के नव्हताच," आई सांगायची. नेहमी याच शब्दांत, जसं काही दुकानात विचारलेल्या जिनसेबद्दल सांगतेय. "त्याच्या आधीच खड्ड्याने नेलं त्याला. आणि हलत्या घरात कुणाला बसू देतात का गं? एवढ्याशा पोरीला? स्वप्न पडलं असेल तुला." बाबांचं नेमकं काय झालं ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांची घसरखुर्ची, म्हणजे तिकडे सगळेच वापरतात ती, पुढे बसायची पाटी आणि मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, बर्फावरून एका पायाने रेटत न्यायची, ती कुंपणाला टेकवून ठेवलेली सापडली. कुंपणाची तार वर उचललेली. आत थोडी पावलं, मग पावलंही नाहीत, कारण पुढे जमीनच नव्हती. ते सापडले नाहीत. चर्चच्या आवारातल्या दगडावर नाव आहे आणि नुसतं वर्ष. आणि घर हललं तेही त्याच वर्षी, त्याच हिवाळ्यात, त्यामुळे दगडाला विचारून काही कळत नाही. आईने त्याच आठवड्यात दीसाला घेऊन गाव सोडलं आणि किनाऱ्यावर मावशीकडे येऊन राहिली. विचारायला गावातलं माणूसही उरलं नाही. मग खिडकीशी कोण बोललं होतं? दीसाकडे बाबांचं दुसरं काही नव्हतं. चेहरा फोटोतला होता, स्वभाव दुसऱ्यांनी सांगितलेला. स्वतःचा असा हा एवढा आवाज होता. तो खोटा ठरला, तर तिला बाप नव्हताच असं ठरत होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, किनाऱ्यावरच्या उमेओ शहरात, वाचनालयाच्या तळघरात, कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला.

तिथे दर मंगळवारी अभ्यासमंडळ भरे. या देशात चार माणसं जमली की मंडळ निघतं, कुणाचं विणकामाचं, कुणाचं पक्षी ओळखण्याचं. हे होतं संगणकावरचा खेळ स्वतः बनवायला शिकण्याचं, अगदी नवशिक्यांसाठी. मंडळ चालवणारी तूवा, केसांची एक बाजू भादरलेली, दीसाच्या निम्म्या वयाची. मंडळात पाच-सहा जण, त्यात सगळ्यांत मोठा आवाज सिक्स्टेनचा, निवृत्त पोस्टमन, जो हरणाच्या शिकारीचा खेळ बनवत होता आणि ज्याचं हरीण दर आठवड्याला काहीतरी आगळीक करी. वेलचीचे पाव आणायची पाळी ठरलेली असे. खेळ म्हणजे काय, तर नकाशा. आणि नकाशा म्हणजे चौकोनी टाइलांच्या रांगा: बर्फाची टाइल, रस्त्याची, झाडाची, भिंतीची. प्रत्येकीला एक आकडा. आकड्यांच्या ओळी लिहीत गेलं की पडद्यावर गाव उभं राहतं. दात घडवणाऱ्या बाईला ते काम मानवलं. एका टाइलमध्ये रंगाचे मोजके ठिपके, आणि प्रत्येक ठिपका कुठे बसवायचा यावर सगळा जीव. इतरांनी किल्ले काढले, गुहा काढल्या. दीसाने काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप लाल पाटीकडे गेला, मग शाळेच्या घड्याळाकडे, मग बर्चच्या रांगेकडे, आणि तीन मंगळवारांत तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीतून दिसलं त्याच क्रमाने गाव मांडत चाललो आहोत. डाव्या टोकाला कुंपण आणि जुनं घर. उजव्या टोकाला, टेकडीपलीकडे, नवी वस्ती आणि तेच घर, कारण घर एकच होतं. त्या उजवीकडच्या घराच्या खिडकीत तिने एका दुपारी, कुणाला न सांगता, एक माणूस बसवला. सोळा ठिपके उंच. चेहऱ्याला दोन ठिपके, डोळ्यांचे. बस.

खड्डा मात्र काढता आला नव्हता. कितीदा बसली होती ती त्या टाइलपाशी. काळी केली तर रात्र वाटे, पांढरी केली तर बर्फ. शेवटी खड्डा काढलाच नाही; कुंपणापाशी नकाशा संपवून टाकला.

त्या संध्याकाळी तूवाने सगळ्यांना नकाशा सरकवायला शिकवलं होतं. "नीट ऐका," ती म्हणाली होती, "तुमची बाहुली पडद्याच्या मधेच राहते. ती चालत नाही. तुम्ही बाण दाबलात की तिच्याखालून नकाशा उलट्या दिशेला सरकतो. आपल्याला वाटतं ती चालतेय." दीसाचा कप तोंडाशी थांबला तो तेव्हाच. तू हलायचं नाहीस. तिने छोट्या लाल टोपीच्या बाहुलीला जुन्या घराच्या दारात उभं केलं आणि डावीकडचा बाण दाबला. झाडं उजवीकडे सरकली. कुंपणाचे खांब डावीकडून आत आले, एक, एक, एक, आणि त्यांच्यामागे, जिथे काहीच नसायला हवं होतं, जिथे तिने काहीच ठेवलं नव्हतं, तिथे एक भिंत आली. भिंतीत खिडकी. खड्ड्यात घर उभं होतं, आणि खिडकीतून तो माणूस तिच्याकडे पाहत होता.

"झालं!" तूवा तिच्या खांद्यावरून वाकून पाहत हसली. "घाबरू नकोस, सगळे नवशिके इथेच आपटतात. हे बघ, ओळीतली पहिली टाइल शून्य. आता तू शून्याच्या मागची मागितलीस. संगणकाच्या दुसऱ्या कुठल्या भाषेने बोंब मारली असती, नाही म्हणून. ही गरीब बिचारी. ही मुकाट्याने ओळीच्या शेवटची उचलून देते."

"माझं हरीणही तसंच," सिक्स्टेन पलीकडून ओरडला. "पश्चिमेला पळालं म्हणून मी बंदूक सरसावली, तर पूर्वेकडून माझ्याच पाठीवर! शिकारी कोण तेच कळेना."

"तुझ्यावर कोण गोळी वाया घालवणार, सिक्स्टेन," कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले, पाव फिरला, साखरेचे खडे पडल्याचे आवाज आले.

"एक ओळ लिहायची," तूवा दीसाला सांगत होती. "कॅमेरा, म्हणजे नकाशाची दिसणारी चौकट, शून्याच्या खाली गेला, तर शून्यावरच थांब. मग कुंपणापाशी नकाशा थांबेल आणि पुढे बाहुली चालेल. लिहितेस?"

"लिहीन," दीसा म्हणाली. लिहिली नाही.

त्या दिवसापासून शहराची चाल बदलली. कामावर जाताना नदीकाठच्या रस्त्याने ती चाले तेव्हा तिला नक्की वाटे की आपण जागच्या जागी आहोत आणि रस्ताच खालून ओढला जातोय. पुढे दिव्यांचे खांब कुणीतरी घाईघाईने मांडतंय आणि मागचे उचलतंय, जेवढं दिसतं तेवढंच आहे. तूवाने सांगितलं होतं ना, पडद्यावर नाही ते संगणक काढतच नाही, उगाच कष्ट कोण घेईल. दीसा मागे वळून पाहायचं टाळू लागली. दुकानात रांगेत उभी असताना पाठीमागची माणसं बोलत तोवर बरं वाटे; ती गप्प झाली की तिच्या पाठीला गार लागे, जसं दार उघडं राहिलंय. आणि हे तिला नवं वाटत नव्हतं, हेच भयंकर. ती जन्मली त्या गावात हे असंच तर चालायचं. मागची गल्ली दरवर्षी पुसली जायची. उन्हाळ्यात खेळायला गेलो ती जागा पुढच्या उन्हाळ्यात कुंपणाच्या आत. कुंपण गावात चालत येई. कुणी त्याला चालताना पाहिलं नाही, पण सकाळी ते एक गल्ली पुढे असे. आई म्हणे, कुंपणापलीकडे काही नाही, तिकडे बघायचं नाही, आणि काही नाही म्हणजे काय हे बघायला गावातली सगळी मुलं तारेला नाक लावून उभी राहत. आत रिकामी जोती दिसत. घरं गेलेली, पण जोती तशीच, आणि जोत्यांपुढे कुठे बाकडं, कुठे आंबट देठांच्या रुबार्बचं रोप, जे दर वसंतात कुणी नसताना मुकाट उगवे. रात्री खाणीत सुरुंग लागे तेव्हा गाव झोपेतच एकदा हलून स्थिर होई, आणि कुणी जागं होत नसे. मावशीकडे आल्यावर दीसा कित्येक महिने त्याच वेळेला जागी होई, कारण काही हललं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी येऊन संगणक उघडे आणि बाहुलीला डावीकडे नेई. रोज. खांब, खांब, खांब, भिंत, खिडकी. तिने ठिपक्यांनी काढलेले ते दोन डोळे. ते कुठेही पाहू शकत नव्हते, तिलाच माहीत होतं, ती काय वेडी होती? तरी ती बाहुलीला थोडं वर नेई, थोडं खाली, आणि घर सरकलं तरी तो माणूस आपल्या खिडकीत तसाच. जणू हलू नकोस हे त्यालाच कुणी सांगितलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं, आणि सगळं जग त्याच्या समोरून सरकत गेलं होतं, दुकान, शाळा, बायको, पोरगी. एकदा तिने बाहुलीला त्या घरापर्यंत चालवत नेलं. खड्ड्याच्या मधोमध. दारापाशी पोचल्यावर तिला पुढे काय करायचं कळेना. तिने संगणक मिटला, आणि मिटलेल्या झाकणाखाली ते घर आहे या जाणिवेने तो उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला.

रविवारी आईचा फोन आला. आई, गुनवोर, निवृत्त झाल्यावर परत वर उत्तरेला गेली होती, खाणीच्या गावी, त्याच घरात, जे इतकी वर्षं भाड्याने दिलेलं होतं. का गेलीस, तर म्हणे समुद्राची हवा दमट. फोनवर आईची सुरुवात ठरलेली.

"गुडघा कसा आहे?"

"आई, गुडघ्याला काय झालंय? लहानपणी खरचटलेलं ते."

"थंडी पडली की जुनी जखम दुखते."

"दुखत नाही."

"बरं." मग जराशाने, "नक्की ना?"

दीसाच्या उजव्या गुडघ्यावर चंद्रकोरीएवढी पांढरी खूण होती. घसरखुर्चीची पट्टी लागली होती, असं आई सांगे. आईला लेकीच्या नोकरीचं नाव धड सांगता येत नसे, घटस्फोटाचं वर्षही तिने दोनदा चुकवलं होतं. पण गुडघा ती कधी विसरली नाही.

"मी येतेय शनिवारी," दीसा म्हणाली. "तुला काहीतरी दाखवायचंय."

पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. तिकडे उत्तरेला 'हो' शब्दाने म्हणत नाहीत. ओठ आवळून श्वास आत घेतात, सुईतून दोरा ओढल्यासारखा तेवढाच आवाज, की झालं हो. नाही म्हणायला आईकडे खूप शब्द होते. हो म्हणायला नेहमी हा एवढा श्वास.

बस दिवसभर जंगलातून चालली, म्हणजे जंगल बसखालून सरकलं. दीसाने डोळे मिटून घेतले. दुपार अजून पुरती झाली नव्हती तोच अंधार पडला, निळा, मग गडद निळा, आणि खिडक्या-खिडक्यांतून नाताळचे कागदी तारे लागले. आई दारात उभी होती. दाराला लाकडी पायऱ्या होत्या, रंग उडालेल्या, आईने कुणा सुताराकडून करून घेतलेल्या. "कठड्याला धर," आई म्हणाली, दीसाने बूट झाडायच्या आधीच. "धर म्हटलं ना. निसरडं आहे."

"आई, मी आता म्हातारी व्हायला आले."

"म्हणूनच सांगतेय."

स्वयंपाकघरात पाल्ट शिजत होते, बटाट्याचे गोळे, आत खारं डुकराचं मांस. जेवणं झाली. आईने कॉफी ओतली, तिकडच्या रीतीप्रमाणे तीत चीजचे तुकडे टाकले, आणि बशीतून फुंकर घालत प्यायला लागली. ही तीच खिडकी, दीसाच्या मनात आलं; कट्टा तोच, फक्त आता तिथे जिरेनियमची कुंडी. ती आईच्या शेजारी बसली आणि तिने संगणक उघडला.

"हे काय? पोरांचे खेळ?"

"मी बनवलंय. हे चार बाण. दाब कुठलाही."

आईने चष्मा चढवला. बोट एखाद्या तापलेल्या तव्याला लावावं तसं बाणाला लावून काढून घेतलं. मग परत लावलं. लाल टोपी मधे उभी, आणि गाव सरकायला लागलं. दुकानाची पाटी आली. आई म्हणाली, "हे इथे नव्हतं. पोस्टाच्या पलीकडे होतं. तू रस्त्याच्या चुकीच्या बाजूला ठेवलंयस." हलत्या घरातून पाहिलं तर तसंच दिसतं हे आईला सुचलं नव्हतं. चालणाऱ्याला ते तसं दिसत नाही, उंचावरून, खिडकीतून पाहत जाणाऱ्याला दिसतं. आई पुढे चालली होती. "ही शाळा. हो का, घड्याळ बंद असायचं, ते बरोबर काढलंस. इथे लिंडबेरीची बाई राहायची, जीभ कात्रीसारखी. हे काय, बर्च? पाच होते गं. खूप झालं, चार तर चार." ती हसली देखील. तिचा हात आता मागे फिरून भरभर बाण दाबत होता, डावीकडे, डावीकडे, जुन्या घराच्या दिशेने, जसं ती रोजचं सामान घेऊन घरी निघालीय. घर आलं. आई थांबली.

"दारापुढे पायरी नाही काढलीस."

"होती का?"

"दगडाची. एवढी मोठी, एकसंध. फोल्केच्या बापाने डोंगरातून ओढून आणलेली. उन्हात चकाकायची, आत कसलेसे कण होते. पावसाळी बूट तिच्यावर आपटून चिखल काढायचा."

"मला आठवत नाही."

"तुला कशी आठवेल," आई म्हणाली, जरा घाईने, आणि बाण दाबला.

खांब आले. एक, एक. दीसाला वाटलं थांबवावं, हात धरावा, पण ती हलली नाही. खांबांच्या मागे भिंत आली, भिंतीत खिडकी, खिडकीत तो. आईचं बोट बाणावर तसंच राहिलं. गाव हळूहळू सरकत राहिलं, घर मध्याकडे येत राहिलं, शेवटी लाल टोपीची बाहुली आणि खिडकीतला माणूस समोरासमोर आले, आणि मग आईने बोट उचललं. बशीतली कॉफी निवली होती. बाहेर कुठेतरी बर्फ ढकलणारी गाडी चालली होती. तिच्या घरघरीने कट्ट्यावरची कुंडी बारीक थरथरत होती.

"ती चूक आहे," दीसा म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आला. "नकाशा संपला ना, की ते मागून मोजायला लागतं. ते घर खरं तर त्या टोकाला आहे. नवीन जागेवर. मी त्याला तिथे ठेवलं होतं, खिडकीत. इकडे ते चुकून दिसतंय."

आई पडद्याकडे पाहत होती.

"उभी राहा गं खिडकीशी," दीसा म्हणाली. हे तिने आईसमोर कधी म्हटलं नव्हतं. स्वप्न सांगितलं होतं, या ओळी नव्हत्या सांगितल्या, त्या तेवढ्या तिने आपल्यापाशी ठेवल्या होत्या. "धर चौकटीची कड. गाव निघालं गावाला…"

"मागे राहिला दगड," आई म्हणाली.

कुंडी थरथरायची थांबली. गाडी लांब गेली असावी.

"तुला हे कसं माहीत?" दीसा म्हणाली. "आई. मला स्वप्न पडलं होतं ना? मग माझ्या स्वप्नातलं तुला कसं माहीत?"

आईने चष्मा काढला, पुसला, परत चढवला नाही. "दिवसभर तेच म्हणत होता. टोळीतल्या पोरांना हसवायला. पायरी गाडीवर चढेना, फार जड. मुकादम म्हणाला राहू दे, घर निघालं की जोतंही कुंपणात जाणार. त्यावर गाणं करून म्हणत होता येडा."

"म्हणजे होते ते. घर हललं तेव्हा."

आईने ओठ आवळले, आणि श्वास आत ओढला.

दीसाला वाटलं होतं की हा श्वास ऐकला की आपण रडू, किंवा ओरडू. तसं काही झालं नाही. खिडकी फक्त खरी झाली. कट्टा खरा झाला, कपातली थरथर खरी झाली, टोप्या खऱ्या झाल्या, आणि त्या टोप्यांमध्ये एक, हिरवी, बहुधा आईची होती. इतकी वर्षं ती ज्याला धरून उभी होती ती चौकट खरीच होती. मग तिला त्याची दुसरी बाजू दिसली. कारण ते जर घराबरोबर आले होते, टेकडीपलीकडे, या इथे, या खिडकीपर्यंत आले होते, तर ते परत तिकडे गेले. गेलेला माणूस गेला. पण हा पोचून मग गेला होता.

"इथे आले होते," ती म्हणाली.

"आला होता. घर टेकलं, सगळ्यांदेखत कप प्यायला. जेवला. पाल्टच केले होते मी. शेजारच्या चुलीवर, आपली अजून जोडलेली नव्हती."

"आणि मग परत गेले. आपल्याला इथे सोडून. म्हणून तू मला सांगत होतीस की आधीच…"

"तसं नाही गं."

"मग कसं? आई, मी तुला काही बोलणार नाही. पण मला सांग. एवढं येऊन माणूस परत त्या खड्ड्याकडे का जातो?"

आईने हात पुढे केला, बाणाकडे नाही, टेबलाखाली, आणि दीसाच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. तळवा गरम होता.

"तू माझ्याशी भांडलीस तरी चालेल, म्हटलं होतं मी मनाशी. बापाचं स्वप्न मी तुझ्याकडून काढून घेतलं असं वाटलं तरी चालेल. एवढीशी होतीस. एवढ्याशा पोरीने काय काय उचलायचं?"

"काय उचलायचं?"

"तुला घाई होती," आई म्हणाली. "नवीन अंगण बघायची. मी म्हणतेय थांब, थांब, तोवर दार उघडून धावलीस. जुन्या घरी दारात पायरी असायची ना, तुझा पाय सवयीने पायरीवर पडला. आणि पायरी नव्हती. खाली खडी होती, बर्फ होता. गुडघा पार फुटला तुझा. त्याने तुला उचललं, माझ्या हातात दिलं. खुर्ची काढली घसरायची. म्हणाला, पोर रोज इथून उतरणार, गुनवोर, अंधार पडायच्या आत पायरी घेऊन येतो."